फळांचे घरगुती गोठण : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसर

ताजी फळे पाण्याच्या गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली थंड करून, त्यांतील पाण्याचा बहुतेक अंश बर्फरूप होऊ देऊन ती त्याच स्थितीत साठविण्याच्या पद्धतीस गोठण म्हणतात. अन्नपरिरक्षणाच्या (अन्न खराब होऊ न देता टिकविण्याच्या) जुन्या घरगुती पद्धतींत पदार्थाचे रूप बदलते : मिठाने फळाचे लोणचे होते, साखरेने मुरांबा व उन्हाने सुकवण. गोठणात मात्र फळाचा रंग, स्वाद व पोषणमूल्ये पुष्कळ अंशी मूळचीच राहतात. या लाभाची किंमतही वेगळी आहे. लोणच्याची बरणी एकदा भरली, की तिला बाहेरच्या कोणत्याही पुरवठ्याची गरज उरत नाही. गोठविलेले फळ मात्र थंडी अखंड मिळत राहील तोवरच टिकते. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परस्परांलगतच्या शहरांत या दोन्ही प्रकारच्या पद्धती एकाच घरात शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. मुंबईचे बर्फघर, फाळणीनंतरच्या निर्वासितांची वसाहत, औद्योगिक वाढ आणि विजेचा कधी मुबलक तर कधी तुटपुंजा पुरवठा या घटनांचा या परिसरातील स्वयंपाकघरांवर झालेला परिणाम फळे टिकविण्याच्या या इतिहासातून कळून येतो.

परिसर व फळे : तीनही शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर, मुंबईपासून सु. ५५ ते ७० किमी. अंतरावर, उल्हास नदीच्या खोऱ्यात वसली आहेत. अंबरनाथ व उल्हासनगर यांमधून उल्हासची उपनदी वालधुनी वाहते. हवामान उष्ण व दमट असून उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्याही वर जाते. जून ते सप्टेंबर या काळात अतिवृष्टी होते व हवेतील आर्द्रता फार वाढते. अशा हवेत पिकलेले फळ लवकर नासते, कापलेल्या फळावर एका दिवसात बुरशी धरते आणि वाळविण्याचे कोणतेही काम पावसाळ्यापूर्वीच उरकावे लागते. आंबा, फणस, करवंद व जांभूळ ही येथील मूळची फळे होत. त्यांपैकी करवंदे व जांभळे गोळा करून विकण्याचे काम प्रामुख्याने आसपासच्या डोंगरपायथ्याचे ठाकूर व कातकरी लोक करीत आले आहेत.

सफरचंद हे या परिसराचे फळ नव्हे. त्याच्या रूढ जातींना फुलोरा येण्यापूर्वी हिवाळ्यात सु. ७° से. च्या खालील तापमानाचे हजाराच्या आसपास तास मिळावे लागतात. कोकणात इतकी थंडी कधीच पडत नाही. त्यामुळे सफरचंद येथे नेहमीच दुरून आले. ते दीर्घकाळ महाग राहिले आणि आजाऱ्यास भेटावयास जाताना न्यावयाचे फळ अशी त्याची प्रतिष्ठा झाली. महाग व परके फळ वाया जाऊ नये, ही त्याच्या परिरक्षणामागील मूळ प्रेरणा होय.

गोठणापूर्वीच्या पद्धती : येथील मराठी कुटुंबांत फळे टिकविण्याची तीन साधने परंपरेने होती : ऊन, मीठ आणि गूळ किंवा साखर. कैरीच्या फोडी वाळवून आंबोशी करीत. आंब्याचा व फणसाचा रस ताटांत पसरून उन्हात वाळविला, की आंबापोळी व फणसपोळी तयार होई. कोकमाच्या फळांच्या साली त्यांच्याच रसाची पुटे देऊन वाळवीत व आमसुले करीत. कैरीचा मुरांबा व साखरांबा, आवळ्याचा मोरावळा आणि तऱ्हेतऱ्हेची लोणची चिनी मातीच्या बरण्यांत भरून, तोंडाला दादरा बांधून फडताळात ठेवीत. या सर्व पद्धतींचे शास्त्रीय तत्त्व एकच आहे. सूक्ष्मजंतूंच्या वाढीस मोकळ्या पाण्याची गरज असते. उन्हाने ते पाणी निघून जाते, तर मिठाने व साखरेने ते बांधले जाते. पाकात साखरेचे प्रमाण सु. ६५ ते ६८ टक्के असल्यास मुरांबा वर्षभर टिकतो. साखर कमी पडल्यास तो आंबतो, हे गृहिणींना अनुभवाने माहीत होते व पाकाची तार पाहून त्या हे प्रमाण साधीत.

या परंपरेत १९४७ नंतर दुसऱ्या एका परंपरेची भर पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांसाठी मोठी छावणी उभारण्यात आली होती. फाळणीनंतर सिंध प्रांतातून समुद्रमार्गे व रेल्वेने मुंबईकडे आलेल्या निर्वासितांना या छावणीच्या बराकींत आश्रय देण्यात आला. त्यांची संख्या सु. एक लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली व उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव देण्यात आले. छावणीचे मूळचे विभाग ‘कॅम्प’ या नावाने व क्रमांकानेच पुढेही ओळखले जात राहिले.

सिंध हा कोरड्या हवेचा प्रदेश असल्यामुळे तेथे भाज्या व फळे वाळवून ठेवण्याची कला पूर्वीपासून विकसित झाली होती. कारली, गवार, कमळकाकडी इ. भाज्यांच्या वाळविलेल्या व तळून खावयाच्या फोडी (काचरी), उडदाचे मिरे घातलेले पापड, तांदळाचे खिचे, मोहरीच्या पाण्यात मुरविलेली गाजर-सलगमची लोणची, तसेच आवळा, गाजर व सफरचंद यांचे मुरांबे हे सिंधी कुटुंबांतील नेहमीचे पदार्थ होत. घरदार व व्यापार मागे ठेवून आलेल्या या लोकांजवळ भांडवल नव्हते आणि राहण्यास बराकीत पडद्यांनी विभागलेली एखादी खोली मिळे. पापड व लोणची यांना यंत्रसामग्री लागत नाही, हे काम स्त्रियांना घरी बसून करता येते आणि तयार माल पिशवीत घालून उपनगरी गाडीने विकावयास नेता येतो. या कारणांमुळे परिरक्षणाची घरगुती कला अनेक कुटुंबांच्या उदरनिर्वाहाचे साधन बनली. पुढे उल्हासनगरात लघुउद्योगांची जी मोठी वाढ झाली, तीत पापड, लोणची व मिठाई या धंद्यांना पहिल्यापासून स्थान होते. मात्र सिंधची हवा कोरडी व येथील दमट असल्यामुळे पापड व काचरी वाळविण्याचा हंगाम त्यांना पावसाळ्याआधीच्या काही महिन्यांपुरता आखून घ्यावा लागला.

बर्फाचे आगमन : भारतात थंडी निर्माण करण्याचे प्रयत्न जुने आहेत. मोगल काळात पाणी गार करण्यासाठी सोऱ्याचा वापर होत असे व हिमालयातील बर्फ लाहोरसारख्या शहरांत आणला जात असे. कोकणात मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत बर्फ पाहावयासही मिळत नव्हता. अमेरिकेतील बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक टूडर (१७८३–१८६४) याने तेथील तळ्यांवरील बर्फ कापून, लाकडाच्या भुशात बांधून जहाजांतून उष्ण देशांत पाठविण्याचा व्यापार उभारला. त्याचा बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्यास व १८३४ मध्ये मुंबईस पोहोचला. मुंबईतील श्रीमंत पारशी घराण्यांच्या मेजवान्यांत आइसक्रीम दिसू लागले ते याच सुमारास. बर्फ साठविण्यासाठी शहरात पुढे खास बर्फघरही बांधण्यात आले. कलकत्त्यास गेलेल्या पहिल्या जहाजावर बर्फाच्या जोडीने न्यू इंग्लंडमधील बाल्डविन जातीची सफरचंदेही होती आणि बर्फाच्या गारव्यात ती चार महिन्यांच्या प्रवासानंतरही खाण्याजोगी राहिली. सफरचंद आणि थंडी यांचा भारतातील व्यापारी संबंध असा आरंभापासूनचा आहे.

यंत्राने बर्फ तयार करण्याची कृती यूरोपात व ऑस्ट्रेलियात १८५० नंतर विकसित झाली. जर्मन अभियंता कार्ल फोन लिंडे (१८४२–१९३४) याच्या अमोनिया वापरणाऱ्या यंत्रांमुळे १८७० नंतर तिचा झपाट्याने प्रसार झाला व अमेरिकेतून बर्फ आणण्याचा व्यापार संपला [⟶ प्रशीतन]. पुढे लहान शहरांतूनही बर्फाचे कारखाने निघाले. भुशात व गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या लग्नसमारंभांसाठी, सरबतवाल्यांसाठी व मासळीसाठी विकल्या जाऊ लागल्या.

वीज घरात येण्यापूर्वी सामान्य घरात फळ गोठविण्याचा एकच प्रकार रूढ झाला, तो म्हणजे आइसक्रीमचा हाताने फिरवावयाचा लाकडी संचा. बर्फाच्या चुऱ्यात जाडे मीठ मिसळले असता मिश्रणाचे तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या बरेच खाली, योग्य प्रमाण साधल्यास सु. –२१° से. पर्यंत उतरते. या मिश्रणात ठेवलेल्या डब्यात दूध व आंब्याचा रस घालून दांडा फिरवीत राहिल्यास अर्ध्यापाऊण तासात आइसक्रीम तयार होते. येथे थंडीचा उपयोग फळ टिकविण्यासाठी नसून मेजवानीसाठी होता व तयार झालेला पदार्थ लगेच संपवावा लागे. थंडी निर्माण करता येणे आणि ती राखून ठेवता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट विजेशिवाय साध्य झाली नाही.

सफरचंदाचा प्रवेश : काश्मीरमध्ये सफरचंदाची लागवड प्राचीन काळापासून होत आली आहे. कुलू खोऱ्यात कॅप्टन आर. सी. ली या इंग्रज अधिकाऱ्याने १८७० च्या सुमारास यूरोपीय जातींची बाग लावली. सिमल्याजवळील कोटगढ येथे स्थायिक झालेले अमेरिकन गृहस्थ सॅम्युएल एव्हान्स (पुढे सत्यानंद) स्टोक्स (१८८२–१९४६) यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतून ‘डिलिशस’ गटातील गोड सफरचंदांची कलमे आणली व त्यांचा डोंगरी शेतकऱ्यांत प्रसार केला. स्वातंत्र्यानंतर हिमाचल प्रदेश व काश्मीर येथील सफरचंदे गवतात बांधलेल्या लाकडी पेट्यांतून रेल्वेने व पुढे मालमोटारींनी मुंबईच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर येऊ लागली.

नव्या पिकाची आवक साधारणपणे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात होते. याच काळात गणेशोत्सव, नवरात्र व अन्य सण येतात. पूजेत पाच फळे मांडण्याची प्रथा असल्यामुळे व प्रसाद म्हणून फळे वाटली जात असल्यामुळे या दिवसांत घरोघरी सफरचंदे साठतात. ३०° से. च्या आसपासच्या दमट हवेत सफरचंद शीतगृहातील तापमानाच्या मानाने कित्येक पट वेगाने मऊ पडते. शिवाय ते एथिलीन हा वायू बाहेर टाकत असल्यामुळे जवळच्या इतर फळांचेही पिकणे त्वरेने होते. उरलेल्या फळांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्यामुळे येथील घरांत प्रतिवर्षी उभा राहत असे. शिरा, मुरांबा किंवा जॅम ही त्याची जुनी उत्तरे होत. उत्पादनक्षेत्रात शीतगृहांची झालेली वाढ आणि २००१ पर्यंत आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध उठणे यांमुळे सफरचंद पुढे जवळजवळ बाराही महिने मिळू लागले.

वीज व प्रशीतक : या परिसरातून वीज वाहू लागली ती प्रथम घरांसाठी नव्हे. खोपोली येथील टाटांचे जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले व त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळू लागली. कल्याणजवळ ठाकुर्ली येथे रेल्वेचे स्वतःचे औष्णिक वीज केंद्र उभारण्यात आले आणि १९२९-३० मध्ये कल्याण–पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण झाले. अंबरनाथ व बदलापूर स्थानकांवरून विजेच्या गाड्या धावू लागल्या, तरी गावातील घरांत दिवाबत्ती रॉकेलचीच होती. अंबरनाथला आगकाड्यांचा कारखाना व आयुध निर्माणी यांच्यामुळे औद्योगिक वस्ती वाढली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची १९६० मध्ये व महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची १९६२ मध्ये स्थापना झाल्यावर तीनही शहरांत कारखाने व त्यांबरोबर नोकरदार मध्यमवर्गाच्या वसाहती वाढत गेल्या.

भारतात घरगुती प्रशीतक (फ्रिज) तयार करण्यास १९५८ मध्ये मुंबईच्या गोदरेज कंपनीने आरंभ केला. प्रारंभी हे यंत्र चैनीची वस्तू मानले जाई. मध्यमवर्गीय घरात ते आल्यावरही त्याचा उपयोग मुख्यतः दूध, पाणी व उरलेले अन्न ठेवण्यासाठी होई. एक दरवाजाच्या प्रशीतकात वरच्या बाजूस जो छोटा बर्फाचा कप्पा असतो, तेथील तापमान रचनेनुसार भिन्न असते. प्रशीतकावरील ताऱ्यांच्या जुन्या आंतरराष्ट्रीय खुणांप्रमाणे एक तारा म्हणजे –६° से., दोन म्हणजे –१२° से. व तीन म्हणजे –१८° से. असे संकेत आहेत. फळे बरेच महिने टिकविण्यास –१८° से. तापमान लागते. त्यामुळे जुन्या प्रशीतकांत गोठविलेली फळे काही आठवड्यांपलीकडे चांगली राहत नसत. शिवाय कप्प्यात साचलेला हिमाचा थर काढण्यासाठी यंत्र मधूनमधून बंद करावे लागे व त्या वेळी आतील पदार्थ वितळत. १९९० नंतर हिम न साचणारी, स्वतंत्र गोठणकक्ष असलेली दोन दरवाजांची यंत्रे सर्वत्र मिळू लागली. ओल्या नारळाचा चव, हिवाळ्यात स्वस्त मिळणारे मटारचे दाणे आणि उन्हाळ्यातील आमरस हे पदार्थ गोठवून ठेवण्याची पद्धत मराठी घरांत रूढ झाली. सफरचंदाची फोड या क्रमात सर्वांत शेवटी आली.

गोठणामागील तत्त्व : गोठणाने सूक्ष्मजंतू मरतात अशी एक सर्वसाधारण समजूत आहे, ती बरोबर नाही. थंडीने त्यांची वाढ थांबते आणि पदार्थ वितळताच ती पुन्हा सुरू होते. त्याचप्रमाणे फळातील एंझाइमांची (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांची) क्रियाही मंदावते, पण पूर्णपणे थांबत नाही. सफरचंदाची कापलेली फोड तपकिरी पडते ती अशाच एका एंझाइमामुळे. फोडीतील फिनॉलिक द्रव्यांचे हवेतील ऑक्सिजनाच्या सान्निध्यात ऑक्सिडीकरण होऊन हा रंग येतो. लिंबाचा रस किंवा क जीवनसत्त्व लावल्यास तो रोखता येतो; वाफवल्यास एंझाइमच निष्क्रिय होते.

सफरचंदात सु. ८५ टक्के पाणी असते. ते गोठताना सु. ९ टक्के प्रसरण पावते व बर्फाचे स्फटिक कोशिकांच्या भित्ती फाडतात. म्हणून वितळलेली फोड मऊ व पाणीदार होते आणि ताज्या फळाचा करकरीतपणा तिला परत येत नाही. गोठण जितके सावकाश, तितके स्फटिक मोठे व हानी अधिक. अमेरिकन संशोधक क्लॅरेन्स बर्ड्‌झाय (१८८६–१९५६) यांनी अतिशीत प्रदेशात मासे क्षणार्धात गोठताना पाहिले आणि १९२० नंतरच्या दशकात थंड धातूच्या पत्र्यांमध्ये दाबून पदार्थ वेगाने गोठविण्याची पद्धत काढली. १९३० मध्ये तिच्या साहाय्याने गोठविलेले पदार्थ अमेरिकेतील दुकानांत विक्रीस आले. घरातील यंत्राला हा वेग साधत नाही. तरीही फोडी लहान करून व एका थरात पसरून गोठविल्यास बराच फरक पडतो.

सफरचंद गोठविण्याची कृती : घट्ट, डाग नसलेली व किंचित आंबट फळे निवडतात. ठिसूळ पडलेली फळे फोडींसाठी उपयोगी नसतात, परंतु त्यांचा शिजवून केलेला गर चांगला गोठतो. बाजारात विपुल मिळणाऱ्या लाल ‘डिलिशस’ सफरचंदांचा बहुधा गरच करणे इष्ट असते. फळे धुऊन, साले व बिया काढून सारख्या जाडीच्या फोडी करतात. फोडी कापल्याबरोबर लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात किंवा एक लिटर पाण्यात सु. १० ग्रॅ. मीठ विरघळवून त्यात टाकतात. मात्र या पाण्यात त्या पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक काळ ठेवीत नाहीत. फोडी पुढे शिजवावयाच्या असल्यास त्यांना दीड ते दोन मिनिटे वाफ देऊन लगेच थंड पाण्यात बुडवितात व निथळून कोरड्या करतात.

यानंतर तीन प्रकार संभवतात. पहिल्यात फोडी ताटात एकेरी पसरून गोठवितात व कडक झाल्यावर पिशवीत भरतात. त्यामुळे त्या एकमेकींस चिकटत नाहीत व हव्या तेवढ्या काढता येतात. दुसऱ्यात एक किग्रॅ. फोडींना सु. १५० ते २०० ग्रॅ. साखर चोळून त्या डब्यात भरतात. तिसऱ्यात ४० टक्के साखरेच्या थंड पाकात फोडी बुडवून ठेवतात व पाक गोठून फुगेल हे लक्षात घेऊन डब्यात वर सु. दीड सेंमी. जागा मोकळी सोडतात. पिशवीतील हवा शक्य तेवढी काढून टाकणे आवश्यक असते. अन्यथा पृष्ठभागावरील बर्फाचे बाष्पीभवन होऊन फोडी कोरड्या व चिवट बनतात. डब्यावर तारीख लिहून ठेवतात. –१८° से. तापमानात अशी फळे आठ ते बारा महिने चांगली राहतात. शिरा, हलवा, मिल्कशेक, केक व लहान मुलांचा मऊ आहार यांसाठी ती वापरतात. एकदा वितळलेल्या फोडी पुन्हा गोठविल्यास त्यांची प्रत फार खालावते.

खंडित वीज : गोठणाची खरी परीक्षा वीजपुरवठा बंद पडल्यावर होते. २००५ नंतर काही वर्षे महाराष्ट्रात विजेची मोठी तूट होती व राज्यात भारनियमन लागू होते. मुंबई शहर त्यातून बहुतांशी मुक्त राहिले, पण महावितरणच्या कल्याण परिमंडलातील ही शहरे त्यात सापडली. ज्या लोहमार्गाने मुंबईस जाऊन लोक दिवसभर काम करीत, त्याच मार्गाच्या अलीकडच्या टोकास त्यांच्या घरातील प्रशीतक रोज काही तास बंद राहत असे. उन्हाळ्यात, म्हणजे आमरस व जांभळाचा गर साठविण्याच्या ऐन मोसमात, हे तास सर्वांत अधिक जाचक ठरत. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या गरात मोठे स्फटिक तयार होतात, स्वाद बिघडतो व तो आंबण्याचाही संभव असतो.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी या नद्यांना महापूर आला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. जुलै २०१९ मध्ये बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, त्या वेळीही परिसर जलमय झाला होता. अशा प्रसंगी घरातील साठ्याचे दोन भाग पडतात. पाण्याच्या पातळीच्या वर राहिलेली लोणच्याची बरणी, पापडांचा डबा व आमसुले खाण्याजोगी राहतात. गोठणकक्षातील पदार्थांची मुदत मात्र वीज गेल्या क्षणापासून मोजली जाऊ लागते. पूर्ण भरलेला स्वतंत्र गोठणकक्ष न उघडल्यास आतील पदार्थ सु. ४८ तास व अर्धा भरलेला असल्यास सु. २४ तास गोठलेले राहतात. घरगुती प्रशीतकातील छोट्या कप्प्यास यापेक्षा पुष्कळच कमी अवधी मिळतो. अनुपस्थितीत वीज गेली होती किंवा काय, हे कळण्यासाठी एक साधी युक्ती वापरतात. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवतात. परतल्यावर नाणे बर्फाच्या तळाशी आढळल्यास कप्पा पूर्ण वितळला होता असे समजून आतील पदार्थ टाकून देतात.

या अनुभवांमुळे येथील घरांत गोठणाने जुन्या पद्धतींना हद्दपार केले नाही. थोड्या दिवसांत संपवावयाचे पदार्थ गोठणकक्षात आणि वर्षाचा साठा बरण्यांत व डब्यांत, अशी विभागणी रूढ झाली. तिला मागासलेपणाचे लक्षण मानणे योग्य होणार नाही. पुरवठा खात्रीचा नसताना साठ्याचा धोका दोन ठिकाणी वाटून ठेवण्याची ती व्यवहारी रीत आहे.

जांभूळ : गोठणाचा खरा लाभ या परिसराच्या स्वतःच्या फळास होऊ शकतो. बदलापूर व आसपासची गावे जांभळांसाठी प्रसिद्ध असून अंबरनाथ-बदलापूर भागातील एका गावाचे नावच जांभूळ असे आहे. तेथे औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र आहे. बदलापूरच्या जांभळास २०२३-२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या फळाचा हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून जूनपर्यंत, जेमतेम सहा ते आठ आठवड्यांचा असतो. त्याची साल अत्यंत नाजूक असून साध्या तापमानात ते एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. पहिला पाऊस पडताच फळे फुटतात व झाडाखाली सडा पडून वाया जातात. आंब्याप्रमाणे जांभळास सुकवण किंवा मुरांबा मानवत नाही. त्याचा सिरका करतात व बियांची पूड औषधी म्हणून ठेवतात, पण खुद्द गर टिकविण्याचा खात्रीचा पारंपरिक मार्ग नव्हता. बिया काढून गर थोड्या साखरेसह किंवा साखरेशिवाय गोठविल्यास त्याचा जांभळा रंग व तुरट-गोड स्वाद कित्येक महिने चांगला राहतो.

सफरचंद व जांभूळ यांच्या बाबतीतील हा फरक लक्षात घेण्यासारखा आहे. सफरचंदाच्या मागे उत्तरेतील शीतगृहे व दूरवरचा व्यापार असल्यामुळे ते बाजारात वर्षभर मिळते. घरी गोठविल्याने फक्त उरलेली फळे वाया जात नाहीत. जांभळामागे अशी व्यवस्था उभी राहिलेली नाही. फळ रोज विकले गेले तरच गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबास त्या दिवसाची मिळकत होते आणि न विकलेले फळ दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरते. गर काढण्याची सोय व खात्रीची वीज असलेला सामायिक गोठणकक्ष हंगामापुरता जरी गावात उपलब्ध झाला, तरी फळ वेचणाऱ्यास त्याच दिवशी मिळेल त्या भावाने ते विकण्याची सक्ती राहणार नाही.

महत्त्व : घरगुती परिरक्षणाचा इतिहास हा बहुधा स्त्रियांच्या श्रमांचा इतिहास असल्यामुळे त्याच्या नोंदी फारशा ठेवल्या गेल्या नाहीत. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरात या श्रमांवर दोन प्रदेशांच्या पाककलेचा आणि मुंबईच्या सान्निध्याचा ठसा उमटला आहे. बराकीच्या दारात वाळत घातलेले पापड, संच्यात फिरविलेले आंब्याचे आइसक्रीम व गोठणकक्षातील सफरचंदाच्या फोडी हे त्याचे वेगवेगळ्या काळांतील टप्पे होत. प्रत्येक टप्प्यावर हाती असलेल्या साधनांप्रमाणे पद्धत बदलली. फळ वाया जाऊ न देण्याचा हेतू तोच राहिला. गोठणाने फळाचे ताजेपण राखता येऊ लागले, पण त्याबरोबर घरातील साठा प्रथमच घराबाहेरच्या यंत्रणेवर अवलंबून राहिला. ती यंत्रणा सर्वांसाठी सारखी व अखंड चालेल, त्या प्रमाणातच या पद्धतीचा लाभ सर्वांपर्यंत पोहोचेल.